पडद्यावर कार्ड, माईक मात्र चालू : लॅपटॉपवरून जलशाचं थेट प्रक्षेपण

मागच्या वर्षी आमच्या शाळेच्या सीरत जलशाचं थेट प्रक्षेपण आम्ही लॅपटॉपवरून केलं. तीन कॅमेरे, एक लॅपटॉप, आम्ही दोन शिक्षक आणि नववी-दहावीची चार मुलं, एवढाच ताफा. किरअत, नात, तकरीर सगळं व्यवस्थित गेलं. बक्षीस समारंभाआधी दहा मिनिटांची सुट्टी झाली. आम्ही पडद्यावर शाळेचं नाव असलेलं कार्ड लावलं, चहा मागवला आणि निवांत झालो.

लॅपटॉपच्या टेबलापाशीच उभं राहून फीचा विषय निघाला. एका मुलीची वर्षाची फी जकातच्या पैशांतून भरली जाते, ती पुढच्या वर्षी कशी भागवायची, असं बोलणं चाललं होतं. मुलीचं नावही घेतलं गेलं. दोन-तीन मिनिटांनी फोन वाजला. शारजाहून त्या मुलीचे वडील बोलत होते. "सर, आवाज बंद करा. इकडे सगळं ऐकू येतंय," एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला.

चित्र बंद होतं, पण आवाज जात होता. मंचावरचे माईकही बंद होते. उघडा राहिला होता तो लॅपटॉपच्या पोटातला बारीक माईक. तो चालू आहे हेच आम्हाला माहीत नव्हतं. मुलगी चार दिवस शाळेत आली नाही. आम्ही तिच्या घरी गेलो, माफी मागितली. तिच्या आईने चहा दिला आणि विषय बदलला. आम्हाला रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर अनेक मस्जिद कमिट्या, शाळा आणि लग्नघरं आम्हाला विचारू लागली, की हे लाइव्ह कसं करतात, आम्हालाही शिकवा. म्हणून हा लेख. सॉफ्टवेअर फुकट आहे आणि दोन दिवसांत हाताशी येतं. पण त्याच्या आत चित्र आणि आवाज अशा दोन वेगळ्या वाटा आहेत. ही एक गोष्ट नीट समजली तर बाकीचं फार अवघड नाही.

पूर्वी अनेक कॅमेऱ्यांचं थेट प्रक्षेपण म्हटलं की दूरदर्शनची ओबी व्हॅन डोळ्यांसमोर यायची. प्रत्येक कॅमेऱ्याची केबल त्या गाडीत जायची. आत स्विचर नावाचं बटणांचं मोठं यंत्र असायचं, त्याची किंमत आपल्यासारख्यांनी विचारायचीही नाही. १९९० साली अमेरिकेतल्या न्यूटेक कंपनीने ‘व्हिडिओ टोस्टर’ आणलं आणि अमिगा नावाच्या घरगुती संगणकात हे स्विचरचं काम बसवलं. नाव गमतीचं, पण काम मोठं झालं. आज तेच काम साधा लॅपटॉप करतो. विंडोजवर चालणारं ‘व्हीमिक्स’ आहे, टेलिस्ट्रीम कंपनीचं ‘वायरकास्ट’ आहे. या दोघांच्या पूर्ण आवृत्त्यांना पैसे पडतात. आम्ही वापरतो ते ‘ओबीएस स्टुडिओ’, म्हणजे ओपन ब्रॉडकास्टर सॉफ्टवेअर. २०१२ मध्ये ह्यू बेली या प्रोग्रामरने ते सुरू केलं. ते मुक्त परवान्याचं आहे, म्हणून फुकट आहे, आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. फक्त त्यांच्या अधिकृत वेबसाइटवरूनच उतरवून घ्या. फुकट वस्तूच्या नावाने व्हायरस वाटणारे बरेच आहेत.

ओबीएस उघडल्यावर खाली दोन चौकटी दिसतात, सीन आणि सोर्स. आम्ही मुलांना असं सांगतो की सीन म्हणजे दस्तरख्वान आणि सोर्स म्हणजे त्यावर मांडलेली भांडी. एका सीनमध्ये तकरीर करणाऱ्यांचा कॅमेरा आणि खाली त्यांच्या नावाची पट्टी. दुसऱ्यात पूर्ण मंच. तिसऱ्यात नुसतं कार्ड. एकच कॅमेरा पाच सीनमध्ये लावता येतो. यादीत जो सोर्स वर, तो चित्रातही वर. नावाची पट्टी कॅमेऱ्याच्या खाली राहिली तर ती झाकली जाते. पहिल्या दिवशी निम्मी मुलं इथेच अडकतात.

मग ‘स्टुडिओ मोड’ सुरू करा. पडद्याचे दोन भाग होतात. डावीकडे प्रिव्ह्यू, म्हणजे पुढे काय दाखवायचं त्याची तयारी. उजवीकडे प्रोग्राम, म्हणजे या क्षणी लोक काय बघताहेत. डावीकडे सीन निवडायचा, कॅमेरा स्थिर आहे ना, चेहरा चौकटीत आहे ना हे बघायचं, मगच ट्रान्झिशनचं बटण दाबायचं. घाईत थेट बदललं की कॅमेरा हलवणाऱ्या मुलाचा हात किंवा छताचा पंखा लोकांना दिसतो. ‘मल्टिव्ह्यू’ नावाची आणखी एक खिडकी आहे, तिच्यात सगळे सीन एकत्र दिसतात. जुना टीव्ही किंवा मॉनिटर पडून असेल तर त्यावर ती लावा. बदल करताना साधा ‘कट’ वापरा, फार तर हलका ‘फेड’. चांदण्या आणि फिरते चौकोन निकाहाच्या व्हिडिओवाल्यांसाठी सोडा.

कॅमेऱ्यांवर पैसे घालवायची घाई करू नका. घरातले चांगले अँड्रॉइड फोन पुरतात. ‘ड्रॉइडकॅम’सारखं अ‍ॅप फोनला वेबकॅम बनवतं. वायफायवरही चालतं, पण सभागृहात दोनशे माणसं खिशात फोन घेऊन बसलेली असतात, त्यामुळे यूएसबी केबलच लावा. फोन ‘डू नॉट डिस्टर्ब’वर टाका, नाहीतर मौलाना बोलत असताना कुणाच्या तरी मामूंचा कॉल येतो आणि कॅमेरा बंद पडतो. हे घडलेलं आहे. फोन दोन तास चालला की तापतो. कव्हर काढा, थेट दिव्याखाली ठेवू नका. व्हिडिओ कॅमेरा असेल तर त्याची एचडीएमआय केबल ‘कॅप्चर कार्ड’मधून लॅपटॉपच्या यूएसबीत जाते. साधं कार्ड हजार रुपयांच्या आसपास मिळतं. दोन कॅमेरे एकाच यूएसबी हबवर लावू नका, दोघांना पुरेशी वाट मिळत नाही आणि एक काळा पडतो. साधी एचडीएमआय केबल दहा-पंधरा मीटरपुढे भरवशाची नसते, म्हणून लॅपटॉपचं टेबल कॅमेऱ्यांजवळ ठेवा.

दोन बारीक गोष्टींनी चित्र लगेच सुधारतं. एक म्हणजे सगळ्या कॅमेऱ्यांचा व्हाइट बॅलन्स ऑटोवरून काढून एकसारखा लावायचा. नाहीतर एका कॅमेऱ्यात शेरवानी पांढरी आणि दुसऱ्यात पिवळी दिसते. दुसरी गोष्ट ट्यूबलाइटची. आपली वीज ५० हर्ट्झची आहे. कॅमेऱ्याचा शटर १/५० किंवा १/१०० ठेवला तर चित्रात सरकणारे काळे पट्टे जातात.

तीन कॅमेरे असतील तर एक पूर्ण मंचासाठी, एक बोलणाऱ्याच्या चेहऱ्यासाठी. प्रश्न तिसऱ्याचा. सगळ्यांना तो श्रोत्यांवर लावायचा असतो, गर्दी दिसली पाहिजे म्हणून. आमचं मत वेगळं आहे. तिसरा कॅमेरा मंचाच्या बाजूने लावा, तिथून मुलांच्या रांगा, बक्षीस घ्यायला येणारं पोर, वाजूच्या कागदावरून डोळे न हलवणारा निवेदक असं सगळं टिपता येतं. श्रोत्यांकडे तोंड केलेला कॅमेरा कधी ना कधी बायकांच्या बाजूला वळतो. घरातून निघताना त्या जलशाला निघालेल्या असतात, जगभर दिसायला नाही. पडदा असेल तर काही प्रश्न नाही असं पुरुष म्हणतात, पण पडद्याच्या बाजूने ये-जा चालूच असते. म्हणून आम्ही ट्रायपॉडची मूठ घट्ट करून त्यावर टेप लावतो. कॅमेरा वळवायचा म्हटलं तरी वळत नाही. मंचावर येणाऱ्या प्रत्येक मुला-मुलीच्या पालकांची लेखी परवानगी आधी घेतो. ज्यांनी नको म्हटलं त्यांच्या वेळी कार्डाचा सीन लागतो, आणि का लागला हे कुणी विचारायचं नाही. फोटो आणि व्हिडिओबाबत उलमांमध्ये मतभेद आहेत. आपापल्या इमाम साहेबांना विचारून ठरवावं, आम्ही त्यात बोलणार नाही. एवढं मात्र खरं की २०२० च्या बंदीत मस्जिदी बंद असताना बहुतेक उलमांनी स्क्रीनमागे उभं राहून जमातीची नमाज होत नाही असं स्पष्ट सांगितलं होतं. बयान ऐकणं वेगळं, इक्तिदा वेगळी.

आता आवाज. बघणारे चित्र थोडं धूसर झालं तर सहन करतात, आवाज तुटला की निघून जातात. कॅमेऱ्याच्या माईकवर विसंबू नका, त्यात पंखा, खोकला आणि घुमणारा हॉल येतो. मंडपवाल्याच्या मिक्सरमधून ‘लाइन आउट’ची तार घ्या. ती सरळ लॅपटॉपच्या माईकच्या भोकात घालू नका. ते भोक माईकच्या मंद आवाजासाठी आहे, मिक्सरचा जोर त्यात फाटतो. मधे छोटा यूएसबी ऑडिओ इंटरफेस लावा. ओबीएसमध्ये आवाजाची पट्टी हिरवी, पिवळी, लाल अशी दिसते. बोलताना ती पिवळ्यात नाचली पाहिजे, लालला टेकता कामा नये. नात पढणारी मुलं शेवटच्या मिसऱ्याला आवाज चढवतात, त्यामुळे तपासणी त्या चढलेल्या आवाजावर करा. ‘हम्म’ असा सतत घोगरा आवाज आला तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, बहुतेक वेळा तोच गुन्हेगार असतो.

कॅप्चर कार्डमधून चित्र किंचित उशिरा येतं, आवाज मात्र तारेतून लगेच पोहोचतो. मग ओठ आणि शब्द जुळत नाहीत. कॅमेऱ्यासमोर एका मुलाला टाळी वाजवायला सांगा, रेकॉर्ड करा, बघा. ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीज’मध्ये ‘सिंक ऑफसेट’ आहे. तिथे आवाजाला १०० मिलिसेकंद मागे ढकला, पुन्हा टाळी, पुन्हा बघा. तीन-चार टाळ्यांत जुळतं.

आणि इथेच आमची चूक आहे. ओबीएस बसवल्यावर ते संगणकाचा नेहमीचा माईक आपणहून पकडतं. ऑडिओ मिक्सरच्या चौकटीत ‘मिक/ऑक्स’ नावाने तो दिसतो. तो कुठल्याही एका सीनचा नसतो, सगळ्या सीनना लागू असतो. म्हणजे तुम्ही कॅमेरा बदला, कार्ड लावा, काळा पडदा लावा, तो ऐकतच राहतो. त्या दिवशी मिक्सरचा आवाज मोठा होता, त्याच्या आड हा बारीक आवाज कुणाला कळला नाही. मिक्सर शांत झाला आणि टेबलावरचं बोलणं शारजाला पोहोचलं.

उपाय असा. सेटिंग्जमध्ये ऑडिओत जा, ‘ग्लोबल ऑडिओ डिव्हाइसेस’मधल्या सगळ्या रकान्यांत ‘डिसेबल्ड’ निवडा. डेस्कटॉप ऑडिओसुद्धा, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपची टिंगटिंग जलशात जाते. मग ज्या सीनमध्ये आवाज हवा तिथेच ‘ऑडिओ इनपुट कॅप्चर’ हा सोर्स टाका आणि त्यात यूएसबी इंटरफेस निवडा. पुढच्या सीनमध्ये नवीन बनवू नका, आधीचाच पुन्हा घ्या, म्हणजे सीन बदलताना आवाज तुटत नाही. कार्डाच्या सीनमध्ये तो टाकायचाच नाही. आता कार्ड लागलं की आवाज आपोआप जातो. त्या सीनला आम्ही ‘परदा’ असं नाव दिलंय आणि सेटिंग्जमधल्या ‘हॉटकी’मध्ये एक बटण नेमून दिलंय. मंचावर कुणाला चक्कर आली, दोन माणसांत वाद झाला, कुणाची ओढणी सरकली, तर विचार न करता ते बटण दाबायचं. ‘सर, दाबू का?’ असं विचारायचं नाही, ही मुलांना दिलेली सक्त ताकीद आहे.

शिवाय एक मुलगा हेडफोन लावून वेगळ्या फोनवर, मोबाइल डेटावर, यूट्यूबचं चित्र बघत बसतो. बाहेर काय जातंय हे फक्त त्यालाच कळतं. यूट्यूबवर चित्र काही सेकंदांपासून अर्ध्या मिनिटापर्यंत उशिरा दिसतं, म्हणून तो आपल्याला सावध करेल तेव्हा गोष्ट घडून गेलेली असेल. तरी पुढची तीन मिनिटं वाचतात. आमच्याकडे तो मुलगा असता तर फोन शारजाहून यायच्या आधी त्याने हाक मारली असती.

इंटरनेटबद्दल थोडक्यात. महत्त्वाचा असतो अपलोडचा वेग, आणि जाहिरातीत सांगतात तो डाउनलोडचा. ७२० रेझोल्यूशनला ओबीएसमध्ये बिटरेट २५०० ते ३००० केबीपीएस ठेवला की पुरतो. अपलोड त्याच्या दुप्पट तरी असावा. ३००० केबीपीएसने तासाला साधारण १.३५ जीबी डेटा जातो, तीन तासांच्या जलशाला चार जीबी. मोबाइलच्या रोजच्या डेटा मर्यादेत ते बसत नाही, आधी बघून घ्या. ब्रॉडबँड असेल तर लॅपटॉपला राउटरमधून तारच जोडा. १०८० चा हट्ट सोडा. आखातातल्या खोलीत चार जणांत एक वायफाय असतं, तिथे ७२० अडखळत नाही. ‘कीफ्रेम इंटरव्हल’ २ सेकंद ठेवा. खाली ‘ड्रॉप्ड फ्रेम्स’चा आकडा वाढायला लागला तर दोष नेटचा, बिटरेट कमी करा.

यूट्यूब चॅनेलवर पहिल्यांदा लाइव्ह सुरू करायची परवानगी मिळायला २४ तास लागू शकतात. जलशाच्या दुपारी हे कळलेल्या एका कमिटीला आम्ही ओळखतो. तिथून मिळणारी ‘स्ट्रीम की’ ओबीएसमध्ये टाकायची. ती घराच्या किल्लीसारखी आहे. ती ज्याच्या हाती, तो तुमच्या चॅनेलवर वाटेल ते दाखवू शकतो, म्हणून ग्रुपवर टाकू नका. मध्यंतरात प्रसिद्ध नातख्वानांच्या रेकॉर्डिंग लावू नका, यूट्यूबची यंत्रणा ती ओळखते आणि हक्काचा दावा येतो. आपल्याच मुलाने पढलेली नात बरी. वेळ ठरवताना कुवेत आणि सौदी आपल्यापेक्षा अडीच तास मागे, दुबई-शारजा दीड तास मागे, हे लक्षात असू द्या. रविवारी सकाळी दहाला कार्यक्रम ठेवला तर कुवेतमधला बाप कामावर असतो, तिथे सुट्टी शुक्रवार-शनिवारची. आम्ही शनिवारी इशानंतर ठेवतो.

नावाच्या पट्ट्या आम्ही उर्दू आणि मराठी दोन्हींत करतो, कारण निम्म्या घरांत आता मुलांना उर्दू वाचता येत नाही आणि आजोबांना मराठी. ओबीएसच्या टेक्स्ट सोर्समध्ये काही मशिनींवर उर्दू अक्षरं सुटी पडतात आणि देवनागरीची जोडाक्षरं तुटतात. म्हणून पट्टी आधीच तयार करून पारदर्शक पार्श्वभूमीच्या पीएनजी चित्रात साठवतो आणि इमेज सोर्स म्हणून लावतो. नस्तालीक तिरकी उतरते, तिला मराठीपेक्षा जास्त उंची द्यावी लागते, नाहीतर खालचे नुक्ते कापले जातात. उर्दू उजवीकडून, मराठी डावीकडून, मधे मोकळी जागा. पाहुण्यांच्या नावाचं स्पेलिंग त्यांनाच विचारा.

लिंक कुणाला द्यायची हेही आधी ठरवा. ‘पब्लिक’ म्हणजे साऱ्या जगाला. ‘अनलिस्टेड’ म्हणजे ज्याच्याकडे लिंक त्याला, पण लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते आणि मग तिला मालक राहत नाही. ‘प्रायव्हेट’ म्हणजे फक्त तुम्ही बोलावलेल्या ईमेल खात्यांना. निकाह आणि घरगुती कार्यक्रमाला आम्ही प्रायव्हेटच सुचवतो. पन्नास जणांचे ईमेल गोळा करायला कंटाळा येतो, ते करायचं.

प्रक्षेपणासोबत लॅपटॉपवर रेकॉर्डिंगही लावा. फॉरमॅट ‘एमकेव्ही’ ठेवा. मधेच वीज गेली तर साधी एमपी४ फाइल उघडत नाही, एमकेव्ही तिथपर्यंतची वाचते. नंतर ओबीएसच्याच ‘रिमक्स’ने तिची एमपी४ होते. राउटर इन्व्हर्टरवर असू द्या, सगळे लॅपटॉपची बॅटरी बघतात आणि राउटर विसरतात.

कार्यक्रम संपला की ओबीएसमध्ये ‘स्टॉप स्ट्रीमिंग’ दाबा आणि यूट्यूबवरही लाइव्ह संपवा. त्यानंतर तो व्हिडिओ चॅनेलवर आपोआप राहतो, हे लोकांच्या लक्षात येत नाही. नको तो भाग यूट्यूबच्या एडिटरमध्ये कापता येतो, पण त्यावर प्रक्रिया व्हायला काही तास जाऊ शकतात आणि तोवर जुनाच व्हिडिओ दिसत राहतो. म्हणून आधी प्रायव्हेट करायचं, मग कापायचं. त्या रात्री आम्हाला हे माहीत नव्हतं. आधी कापायला बसलो, आणि ती दहा मिनिटं आणखी काही तास सगळ्यांसाठी उघडी राहिली. सकाळी व्हिडिओ पूर्ण काढून टाकला. लॅपटॉपवरच्या फाइलमधून सुट्टीचा भाग कापून बाकीचा जलसा नव्याने चढवला आणि मूळ फाइल पुसली. नव्या व्हिडिओत तकरीर संपते आणि पुढच्याच क्षणी बक्षीस समारंभ सुरू होतो.